सर्पगंधा लावू म्हणतो, पण कायद्याचं काय? (चोपडा, जि. जळगाव)

अनेरकाठ_चोपडा:

राम राम मंडळी. आमचं गाव चोपडा तालुक्यात, अनेरच्या अंगाला. घरची जमीन बरीचशी काळी, तिच्यात केळी आणि कपाशी. नदीकडचा दीड एकराचा तुकडा मात्र पोयट्याचा, पाणी धरत नाही. मागच्या पावसाळ्यात तिथल्या केळीवर सीएमव्ही हा विषाणूजन्य रोग आला, झाडं उपटून बांधावर टाकावी लागली. तेव्हापासून वडील म्हणतात, ह्या तुकड्यात केळीचं नाव काढू नको. म्हणून मी सर्पगंधेच्या, म्हणजे त्या औषधी मुळीच्या झाडाच्या, मागे लागलोय.

आता गंमत अशी की ज्याला विचारावं तो वेगळंच सांगतो. कृषी सेवा केंद्रवाला म्हणतो, बंदी असलेली वनस्पती आहे, घरात मुळी सापडली तरी आत टाकतात. मित्र म्हणतो, आपल्या शेतात गांजा सोडून काहीही लाव, कोण विचारतो? दोघंही तितक्याच ठामपणे बोलतात, त्यामुळे माझा गोंधळ वाढतो.

रोपं एका रोपवाटिकेत आहेत, 'अस्सल सर्पगंधा' म्हणून. माल निघाला की नीमचच्या मंडीत न्यायचा विचार आहे, म्हणजे गाडी शिरपूर, सेंधवा करत मध्य प्रदेशात जाणार. नाक्यावर अडवलं तर काय दाखवायचं? दुसरं, एक एजंट दोनदा घरी येऊन गेला. त्याच्याकडे डोंगरातली वाळलेली मुळी आहे. म्हणतो, तुमचं पीक तयार व्हायला अडीच-तीन वर्षं, तोवर माझा माल तुमच्या सातबाऱ्यावर खपवू, अर्धा फायदा तुमचा. तिसरं, माझा मेव्हणा जर्मनीत असतो. तो म्हणतो की थोडी मुळी आणि थोडं बी कुरिअरनं पाठव, इथं आयुर्वेदवाल्या लोकांना दाखवतो.

लायसन लागतं का, कुणाकडून, आणि हे तीन उद्योग केले तर कुठं अडकेन, एवढं कुणी जाणकारानं सांगावं.

निवृत्त_वनपाल:

भाऊ, माझी नोकरी सातपुड्यात गेली, त्यातली बरीच वर्षं तपासणी नाक्यावर. तुमच्या मित्राचं आणि दुकानदाराचं दोघांचंही अर्धं-अर्धं बरोबर आहे. म्हणूनच लोक फसतात.

शेतात सर्पगंधा लावायला बंदी नाही. उलट राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळ तिच्या लागवडीला उत्तेजन देतं. बंदी आहे ती जंगलातली मुळी बाहेरदेशी पाठवण्यावर. केंद्र सरकारच्या निर्यात धोरणात २९ वनस्पतींची यादी आहे. कुठ, जटामांसी, कुटकी, रक्तचंदन, आपल्या सह्याद्रीतली शिंदळ माकुडी, सगळ्या ऑर्किड, आणि त्यातच सर्पगंधा. ह्यांचा जंगली माल निर्यात करता येत नाही. लागवडीचा करता येतो, पण लागवड प्रमाणपत्र लागतं. ते उपवनसंरक्षक किंवा त्यांच्या वरचा अधिकारी देतो. तुमच्यासाठी यावल वनविभाग.

देशातल्या देशात माल न्यायचा तर गोष्ट वेगळी. भारतीय वन अधिनियम १९२७ उघडून पाहा. झाड सोडून बाकी वनस्पती, म्हणजे गवत, वेली, त्यांची मुळं, पानं, ही 'वनोपज' तेव्हाच ठरतात जेव्हा ती वनात सापडलेली किंवा वनातून आणलेली असतात. मूळ कायद्याप्रमाणे तुमच्या पोयट्यात उगवलेली मुळी वनोपज नाही; महाराष्ट्राच्या दुरुस्तीत वेगळं काही आहे का, ते वनखात्याच्या परिक्षेत्र कार्यालयात विचारून घ्या. इथवर तुमचा मित्र बरोबर.

पण त्याच कायद्यात कलम ६९ आहे, ते कुणी वाचत नाही. वनोपज सरकारची की दुसऱ्या कुणाची असा वाद निघाला, तर ती सरकारचीच असं गृहीत धरतात. ती सरकारची नाही हे दाखवायचं काम ज्याच्याकडे माल सापडला त्याचं. म्हणजे रात्री दोन वाजता नाक्यावर गोणी उघडली की बोलायचं तुम्हाला आहे, गार्डाला नाही. आणि जप्ती फक्त गोणीची होत नाही, गाडीचीही होते. गाडी दुसऱ्याची असेल तर पुढचं तुम्हीच समजून घ्या.

म्हणून माझं सांगणं एवढंच की रोपाच्या आधी कागद लावा. अडीच वर्षांनी प्रमाणपत्र मागायला गेलात तर साहेब विचारणार, लावली कधी? तेव्हा हात हलवत उभं राहायला नको. लागवड करायच्या आधीच परिक्षेत्र कार्यालयात अर्ज टाका, गट नंबर, क्षेत्र, रोपं कुठून घेणार, सगळं लिहून. पोच घ्या, शिक्क्याची. रोपांचं पक्कं बिल घ्या, त्यावर वनस्पतीचं शास्त्रीय नाव असू द्या: रावोल्फिया सर्पेंटिना. ई-पीक पाहणीत पीक नोंदवा. ॲपच्या यादीत नाव सापडलं नाही तर तलाठ्याला गाठा (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण गावात अजून तलाठीच), आणि सातबाऱ्याच्या पीक पाहणीत 'सर्पगंधा' असं स्पष्ट येऊ द्या, 'इतर पिके' नको. प्रत्येक हंगामात नोंद करा, कारण हे बहुवर्षायू पीक आहे आणि एखाद्या वर्षीचा रकाना रिकामा राहिला की तिथंच बोट ठेवतात. खणायच्या आधी वनपालाला किंवा वनरक्षकाला शेतावर बोलावून उभ्या पिकाचा पंचनामा करून घ्या. खणल्यावर वजन लिहून ठेवा, ओल्याचं वेगळं, सुक्याचं वेगळं.

ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते, बहुतेक ठिकाणी फक्त कागदावर. २०२३ ची दुरुस्ती, जी १ एप्रिल २०२४ पासून लागू झाली, तिनं लागवडीच्या औषधी वनस्पतींना राज्य जैवविविधता मंडळाला आधी कळवण्याच्या अटीतून सूट दिली. त्या सवलतीचा आधार म्हणून उगम प्रमाणपत्र समितीकडून घेता येतं. तुमच्या ग्रामसेवकाला हे माहीत नसेल. चिडू नका, कायद्याची प्रत घेऊन जा.

एजंटाचं. त्याला उंबऱ्याबाहेरूनच परत पाठवा. तो तुम्हाला अर्धा फायदा देत नाही, तुमचा सातबारा विकत घेतोय. आणि हे लपत नाही, हे मी पाहून सांगतो. शेतातली मुळी एका वयाची, म्हणून जवळपास एका जाडीची. डोंगरातल्या गोणीत करंगळीएवढी आणि अंगठ्याएवढी एकत्र असते, कुदळीनं मधेच तुटलेली. वाळलेल्या सालीला उभ्या खाचा असतात, त्यांत माती अडकते, धुतली तरी थोडी राहतेच. अनेरचा पोयटा आणि डोंगराचा तांबडा मुरूम एकाच गोणीत दिसला की मी पुढचा प्रश्न विचारत नसे, सरळ पंचनाम्याचा कागद काढत असे. दीड एकरात किती सुकी मुळी निघते हेही साहेबांना माहीत असतं. एकरी सहा ते दहा क्विंटल धरा, तेही नीट राखलं तर. त्यावर आणखी पंधरा क्विंटल सातबाऱ्यावर दाखवलात तर आकडाच तुमच्याविरुद्ध साक्ष देतो.

आणि त्याची मुळी यावल किंवा अनेर अभयारण्याच्या हद्दीतली निघाली तर वन्यजीव संरक्षण अधिनियम लागतो. २०२२ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. काय भो, दीड एकरासाठी?

जर्मनीचं उद्या लिहितो, डोळे दुखायला लागले.

वैद्य_धुळे:

वनपाल आप्पांनी कायदा सांगितला, मी झाडाचं सांगते, कारण त्याआधीच घोळ होण्याची शक्यता आहे. दादा, रोपवाटिकेतली रोपं नीट पाहिलीत का? 'अस्सल' ह्या शब्दावर जाऊ नका.

सर्पगंधेची एक बहीण आहे, रावोल्फिया टेट्राफायला. हिंदीत तिला बडा चांद म्हणतात. ती अमेरिकेकडून आलेली, कुठंही फोफावते, म्हणून रोपवाटिकांना सोपी पडते. खऱ्या सर्पगंधेची पानं बहुधा तीन-तीनच्या चक्रात येतात. टेट्राफायलाला एका पेरावर चार, आणि ती चारही सारखी नाहीत, दोन मोठी, दोन लहान. फुलावर आलं तर ओळखायला आणखी सोपं: सर्पगंधेची फुलं पांढरी-गुलाबी, नळी लांबट, आणि फुलांचे देठ लालभडक, गुच्छ लांबूनही दिसतो. टेट्राफायलाची फुलं बारीक, हिरवट-पांढरी, त्यांच्याकडे लक्षही जात नाही. दोन्हीत रेसर्पिन हे रक्तदाब उतरवणारं द्रव्य सापडतं, म्हणून विकणारे 'तेच आहे हो' म्हणतात. औषध कंपनीच्या खरेदीत मात्र तपासणी होते आणि माल परत येतो. शिवाय तुम्ही कागदावर सर्पेंटिना लिहिणार आणि शेतात टेट्राफायला निघणार, तर आप्पांचा सगळा पंचनामा वाया.

बियांपासून करायचं असेल तर ताजं बी घ्या. जुन्या बियांची उगवण फार पडते, नव्याचीही काही फार चांगली नसते. मुळांच्या किंवा खोडाच्या कांड्यांपासूनही रोपं होतात. इंदूरच्या कृषी महाविद्यालयातून आलेला 'आरएस-१' आणि लखनौच्या सीमॅप ह्या औषधी वनस्पतींच्या संशोधन संस्थेचा 'सीम-शील' हे वाण विचारा. पुणे विद्यापीठात पश्चिम विभागाचं औषधी वनस्पतींचं सुविधा केंद्र आहे, लागवड साहित्य कुठं मिळेल ते तिथं विचारता येईल.

खणायचं ते डिसेंबरच्या सुमारास, पानं गळून झाड झोपलेलं असताना. अल्कलॉइड, म्हणजे औषधी द्रव्यं, तेव्हा मुळीत जास्त असतात. मुळी धुवा, पण साल घासू नका. सगळा जीव सालीत आहे; नव्वद टक्के अल्कलॉइड तिथंच. गोऱ्यागोमट्या दिसाव्यात म्हणून मुळ्या तासून आणणारे शेतकरी मी पाहिलेत, व्यापारी त्यांना अर्धाही भाव देत नाही.

एक सांगायचं राहिलं. ही मुळी घरी उगाळून घेण्याची वस्तू नाही.  तिच्यापासून केलेलं औषध वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यायचं. रक्तदाब खाली आणते, मन खचवते. मेव्हण्यांना सांगा, 'आयुर्वेदवाल्या लोकांना दाखवतो' म्हणजे नक्की कुणाला?

डोंगरातली मुळी कशानं संपत चालली, असं कुणी विचारेल म्हणून लिहिते. १९४९ मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकिलांनी ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये रक्तदाबावरचे अनुभव छापले, १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीनं रेसर्पिन वेगळं काढलं, आणि मग सगळं जग ह्या मुळीच्या मागे लागलं. मुळी काढायची म्हणजे झाड मारायचं. हिरड्या-बेहड्यासारखं फळ तोडून झाड राखता येत नाही.

अक्राणी_ग्रामसभा:

निवृत्त साहेबांच्या लिहिण्यातून असं वाटेल की डोंगरातली प्रत्येक मुळी चोरीची. तसं नाही, हे नोंदवतो.

वन हक्क कायदा २००६, कलम ३(१)(ग). गौण वनोपजावर ग्रामसभेतल्या लोकांची मालकी. व्याख्येत औषधी वनस्पती, मुळं, कंद असं स्पष्ट लिहिलंय. २०१२ च्या नियमांनंतर वाहतुकीचा पास ग्रामसभेची समिती किंवा ग्रामसभेनं नेमलेला माणूस देतो. धडगाव, अक्कलकुव्यात आमच्या लोकांनी त्यासाठी वर्षानुवर्षं खेटे घातलेत. नाक्यावर आमचा पास फेकून देणारे पण पाहिलेत.

तेव्हा अनेरकाठवाले भाऊ, त्या एजंटाला एकच विचारा. कुठल्या ग्रामसभेचा माल, पास दाखव. तो गप्प बसेल. कारण अशी माणसं आमच्याकडं मिठाच्या भावानं मुळी घेतात, तीही दुसऱ्याच्या हद्दीतली, बारकी पोरंसुद्धा उपटायला लावून. हक्क आमचा, त्याचा नाही. आणि त्याच कायद्यात कलम ५ आहे, जैवविविधता राखायचं काम ग्रामसभेचं. आमच्या सभेनं सर्पगंधा उपटायची नाही असा ठरावच केलाय.

निवृत्त_वनपाल:

अक्राणीच्या भाऊंचं खरं. ग्रामसभेचा पास असेल तर तो वाहतुकीला चालतो, आणि ज्यानं फेकला त्यानं चूक केली. तेवढं ध्यानात ठेवा की त्या पासावर देशात माल फिरेल, पण जंगली माल लागवडीचा म्हणून परदेशी जाणार नाही.

आता जर्मनी. सर्पगंधा १९९० पासून साइट्स कराराच्या (दुर्मिळ वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) दुसऱ्या परिशिष्टात आहे. म्हणजे लागवडीची असली तरी निर्यातीला लागवड प्रमाणपत्र आणि त्यावर साइट्सचा परवाना, दोन्ही. वर वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र. आयात-निर्यात कोड. आणि माल ठरावीक बंदरं-विमानतळांतूनच जातो, आपल्याला जवळचं म्हणजे मुंबई किंवा न्हावाशेवा. युरोपीय संघात शिरायला तिकडचा आयात परवानाही लागतो, तो मेव्हण्यानं तिथं काढायचा. हे सगळं पाव किलोला आणि पाच टनाला सारखंच. 'नमुना आहे', 'घरगुती वापर' असं पाकिटावर लिहून काही होत नाही. कुरिअरवाला 'जातं हो' म्हणेल. पकडलं गेल्यावर पाठवणाऱ्याचं नाव तुमचं असतं, त्याचं नाही.

बियांना साइट्सच्या टिपेत सूट आहे, परागालाही. डबीबंद तयार औषध, किरकोळ विक्रीचं, त्यालाही. पण आपल्या निर्यात यादीत 'वनस्पती आणि तिचे भाग' असं लिहिलंय. त्यात बी येतं की नाही हा वाद कस्टमच्या टेबलापाशी तुम्ही घालणार का? ज्याला खरंच निर्यात करायची त्यानं नोंदणी असलेल्या निर्यातदाराला माल विकावा आणि स्वतःची कागदपत्रं त्याच्या हातात द्यावी. तो पुढचं बघतो. तुमच्याकडून त्याला नेमकं लागवड प्रमाणपत्रच हवं असतं.

अनेरकाठ_चोपडा:

सगळ्यांचे आभार. काल रोपवाटिकेत जाऊन आलो. ताईंनी सांगितल्याप्रमाणे पेरं मोजली. चार पानं, दोन मोठी, दोन लहान, एकूण एक रोपाला. मालकाला म्हटलं, बिलावर रावोल्फिया सर्पेंटिना लिहून द्या. तो म्हणाला, बिल कशाला, रोकडा द्या, स्वस्त लावतो. तिथूनच परत आलो.

एजंटाचा फोन आला होता. ग्रामसभेचा पास मागितला. म्हणाला, 'तुम्ही फारच शिकलेले दिसता,' आणि ठेवून दिला. 

आता दोन शंका. एक, नीमचला जाताना नाक्यावर नक्की काय काय बरोबर ठेवू? दुसरी, वडील म्हणतात की काही वर्षांमागं आपल्याकडं सफेद मुसळीचं असंच वारं आलं होतं, बायबॅकचा, म्हणजे माल आम्हीच परत घेऊ असा, करार करून रोपं विकणारे नंतर दिसलेच नाहीत. सर्पगंधेचंही तसंच होईल का?

निवृत्त_वनपाल:

वडिलांचं ऐका. मुसळीत बुडालेले मी माझ्या नात्यात पाहिलेत. तेव्हा पैसा मुसळीतून नव्हता, बियाणं विकण्यात होता, आणि शेवटच्या शेतकऱ्याच्या हातात फक्त बियाणं उरलं. सर्पगंधेला खरं गिऱ्हाईक आहे, औषधवाले ती घेतात, पण ते गिऱ्हाईक छोटं आणि चोखंदळ. त्यामुळे जो रोपं विकतो त्यानंच माल घ्यायचा करार केला तर तो करार नसल्यासारखाच धरा. आधी दोन-तीन औषध कंपन्यांना किंवा नीमचच्या अडत्याला प्रत्यक्ष भेटा, मुळी कशी लागते ते विचारा, लेखी मागणी आणा. दीड एकर एकदम करू नका. दहा-पंधरा गुंठे करा, बाकीच्यात हळद किंवा दादर ज्वारी घ्या.

नाक्यावर: चालू वर्षाचा सातबारा, ई-पीक पाहणीची नोंद, रोपांचं बिल, परिक्षेत्र कार्यालयाच्या अर्जाची पोच, पंचनाम्याची प्रत, गोणीवार वजनाची यादी, आणि कुणाला विकताय त्याचं नाव-पत्ता. मूळ कागद घरी, साक्षांकित प्रती गाडीत. उपवनसंरक्षकांकडून लागवड प्रमाणपत्र मिळालं असेल तर तेही ठेवा, देशातल्या वाहतुकीला तो कागद सक्तीचा नसला तरी पुढच्या राज्यातला गार्ड त्याकडे बघून गाडी सोडतो. त्याला तुमच्या सातबाऱ्याची भाषा वाचता येत असेल असं धरू नका, तिकडं जमिनीच्या नोंदीला खसरा चालतो. गोणीवर गावाचं नाव आणि गट नंबर रंगवा. आणि शक्यतो दिवसा निघा.

वैद्य_धुळे:

दादा, इंदूर किंवा लखनौहून साहित्य मागवायचं झालं तर आत्ताच पत्र टाका. एप्रिल-मेमध्ये गादीवाफ्यावर बी पडायला हवं, म्हणजे जुलैत चार-सहा पानांची रोपं शेतात जातील. आणि त्या तुकड्यात आधीच्या केळीचे गड्डे राहिलेत का? ते पूर्ण काढा, सूत्रकृमीची तपासणी करून घ्या, मुळीच्या पिकाला तो रोग परवडत नाही.

अनेरकाठ_चोपडा:

गड्डे अजून आहेत ताई, ह्या आठवड्यात जेसीबी लावतो. परिक्षेत्र कार्यालयाचा अर्ज लिहून ठेवलाय, सोमवारी देतो. पोच मिळाली की इथं टाकतो, म्हणजे पुढच्याला नमुना होईल.